हात गेला नव्हता, लाकूड गेलं होतं

जबलपूरहून बोलतोय. बडा फुहाऱ्याच्या मागच्या गल्लीत आमचं घर. सकाळी दहानंतर खाली बाजाराचा इतका गलका असतो की बोलणं रेकॉर्ड करायचं तर पहाटेच बसावं लागतं. आज मागे हॉर्न ऐकू आले तर सांभाळून घ्या.

आजचा विषय आहे जुनी, हातबदल झालेली शिकारी रायफल आणि तिचा बिघडलेला नेम. नेम बिघडला तर कारण कसं शोधायचं, कुठल्या क्रमाने शोधायचं, हे सांगणार आहे. आणि मी स्वतः एकदा हा क्रम न पाळता निकाल देऊन मोकळा झालो, तेही सांगणार आहे.

आमच्या गल्लीत एक गृहस्थ होते. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे, म्हणून मी त्यांना दादा म्हणत असे. पाटणकडे त्यांची शेती, आणि पीकसंरक्षणाच्या परवान्यावर घेतलेली .३१५ बोअरची ईशापूरची रायफल. तीही कुणाकडून तरी वापरलेलीच घेतलेली. मी निवृत्त होऊन घरी आलो, त्यानंतर एकदा ते मला रेंजवर घेऊन गेले. म्हणाले, "बघ रे जरा, गोळी कुठेही जाते." मी त्यांच्या पाच गोळ्या पाहिल्या. ताटाएवढ्या पसरलेल्या. मी रायफल हातातसुद्धा घेतली नाही. म्हटलं, "दादा, आता वय झालं. हात थरथरतो तुमचा." ते हसले. रायफल पुसून, भरपूर तेल लावून कपाटात उभी केली आणि पुन्हा कधी चालवली नाही.

दादा गेले. रायफल कायद्याप्रमाणे परवानाधारक दुकानात जमा झाली. मुलाच्या नावे परवाना व्हायला वेळ लागला. मग एक दिवस मुलगा आला. म्हणाला, "काका, बाबांची रायफल विकायची म्हणतोय. पण नेम लागत नाही हे घेणाऱ्याला सांगायचं की नाही?"

मी म्हटलं, "सांगायचं. पण काय बिघडलंय ते आपल्याला आधी कळलं पाहिजे."

या रायफलीबद्दल थोडं सांगतो. इंग्रजांनी सैन्याच्या .३०३ बोअरच्या खाजगी वापरावर हिंदुस्थानात बंदी घातली, म्हणून तशाच ली-एनफील्ड यंत्रणेवर .३१५ बोअर चाललं. स्वातंत्र्यानंतर पश्चिम बंगालमधल्या ईशापूर कारखान्याने ती बनवली. काडतुसं आपल्या पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्यातली. गोळी २४४ ग्रेनची, म्हणजे जवळजवळ १६ ग्रॅम. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचे दिवस संपले, आणि ते बरंच झालं. पण परवान्यावरच्या या रायफली घराघरांत राहिल्या. हात बदलत राहिल्या, आणि बहुतेकींची नीट तपासणी कुणीच केली नाही.

आता क्रम. पहिलं पाऊल सुरक्षेचं. मॅगझिन काढा, बोल्ट मागे घ्या, चेंबर डोळ्याने पाहा आणि बोटाने चाचपा. काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. तपासणी परवानाधारकाच्या समोर, गोळीबार फक्त परवानगी असलेल्या रेंजवर, दुरुस्ती फक्त परवाना असलेल्या कारागिराकडे.

दुसरं पाऊल, थांबायचं की पुढे जायचं ते ठरवणं. नळीत उजेडाकडे बघा. आत कुठे अंगठीसारखी काळी सावली दिसली तर नळी फुगलेली असू शकते. बोल्टवरचा नंबर आणि रायफलीच्या अंगावरचा नंबर जुळतो का पाहा. जुळत नसेल तर बोल्ट बदललेला आहे, आणि काडतूस चेंबरमध्ये घट्ट बसतं की नाही हे कारागिराने गेज लावून पाहिल्याशिवाय एकही गोळी झाडू नका. चाललेल्या केसेसना बुडाजवळ चीर दिसली तरी तेच. हे प्रश्न जिवाचे आहेत. नेमाचा विचार त्यांच्यानंतर.

दादांच्या रायफलीचे नंबर जुळत होते. नळी सरळ होती.

तिसरं पाऊल काडतुसांचं. दादांच्या डब्यात तीन वेगवेगळ्या लॉटची काडतुसं एकत्र होती, काही फार जुनी. दारू जुनी झाली, लॉट मिसळले की गोळीचा वेग बदलतो आणि गोळ्या वरखाली जातात. मुलाने त्याच्या परवान्यावर एका लॉटची नवी काडतुसं घेतली. तपासणी त्यांनीच करायची, म्हणजे एक शंका कमी झाली.

चौथं, साइट आणि स्क्रू. पुढची फोरसाइट बोटाने डावीउजवी दाबून पाहा. हलते का? बॅकसाइटची पट्टी खिळखिळी आहे का? फोरसाइटच्या बुडाशी पेन्सिलची बारीक रेघ मारून ठेवा. दहा गोळ्यांनंतर रेघ तुटली तर साइट सरकते आहे. दुर्बीण बसवलेली असेल तर अनेक लोक दुर्बिणीला दोष देतात आणि तिच्या माउंटचे स्क्रू तपासत नाहीत. आधी ते पाहा. ली-एनफील्डचा मागचा दस्ता आतल्या लांब बोल्टवर बसलेला असतो. तो धरून पिळून पाहा. हलला तर तोही दोषी.

पाचवं, नळीची सफाई. तांबं काढणारं द्रावण लावून चिंदी फिरवली की निळी-हिरवी निघते. ती पांढरी निघेपर्यंत चालू ठेवा. घाई करू नका, दोन संध्याकाळी लागल्या तरी चालेल. जुन्या काडतुसांच्या टोपीतल्या मसाल्यातून मिठासारखे क्षार नळीत राहतात. ते पावसाळ्यात ओल ओढतात आणि नळी आतून खातात. तेलाने क्षार जात नाहीत, गरम पाण्यानेच जातात. आमच्या वस्तादांनी हे आम्हाला इतक्या वेळा ऐकवलं होतं की अजून पाणी उकळायला ठेवलं की आठवतं.

सहावं, नळीचं तोंड. गोळी नळीतून सुटताना शेवटचा स्पर्श तिथे होतो. तिथली कड एका बाजूने झिजलेली असेल तर वायू एका बाजूने आधी निसटतो आणि गोळीला ढकलतो. भिंग घेऊन पाहा. कापसाची काडी कडेवरून आतून बाहेर ओढा. कुठे तंतू अडकला तर तिथे खरखर आहे. पुल-थ्रूची दोरी वर्षानुवर्षं एकाच बाजूला घासून ओढली की तिथे खाच पडते. दादांच्या नळीच्या तोंडाला थोडी झीज होती, खाच नव्हती.

इथवर घरी बसून होतं. सातवं पाऊल रेंजवर. वाळूच्या पिशव्यांवर रायफलचं लाकूड टेकवायचं, नळी नाही. नळी टेकवली की गोळी भलतीकडे जाते. अंतर ५० मीटर. पाच गोळ्या, मध्ये नळी गार होऊ द्यायची. साइटला हात लावायचा नाही. गोळ्या एका जागी पण लक्ष्यापासून लांब पडत असतील तर दोष फक्त साइटच्या जुळणीत. गोळ्या पसरत असतील तर दोष रायफलीत, काडतुसात किंवा माणसात. पसरलेल्या गोळ्यांवर साइट फिरवत बसणं म्हणजे गळक्या बादलीत पाणी ओतणं. आधी ग्रुप, मग झिरो.

आणि माणूस तपासायचा तर दोन माणसांनी मारायचं. मुलाने पाच मारल्या, मी पाच मारल्या. काडतुसांमध्ये एक-दोन नकली ड्रिल काडतुसं मिसळली, भरणारा तिसराच. नकली काडतुसावर चाप ओढताना नळी दचकून खाली गेली, तर दोष खांद्याच्या भीतीचा. मुलगा थोडा दचकत होता. माझी नळी स्थिर होती. तरीही माझ्या पाच गोळ्या वीतभर पसरल्या. डावीउजवीकडे नाही, वरखाली.

तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. कारण हाच पसारा मी दादांच्या कागदावर पाहिला होता.

वरखाली पसरणाऱ्या गोळ्या अनेकदा लाकडाकडे बोट दाखवतात. नळी तापत गेली की गोळ्या एकाच दिशेने सरकत जात असतील, तर लाकूड नळीला कुठेतरी दाबतं आहे. दोन वेगळे गट पडत असतील, तर काहीतरी दोन जागांमध्ये हलतं आहे. हे खात्रीचं निदान नव्हे, पण पुढे कुठे पाहायचं ते कळतं.

मी कारागिराला म्हटलं, "पुढचा स्क्रू तर घट्ट आहे." तो म्हणाला, "साहब, पेच कसा है, लकड़ी नहीं." त्याने लाकूड उतरवून दाखवलं. ट्रिगर गार्डच्या पुढच्या स्क्रूभोवती एक लोखंडी नळकांडं असतं, कॉलर. स्क्रू फार आवळून लाकूड चिरडू नये म्हणून ते ठेवलेलं. पण लाकूड आकसलं किंवा दबलं की कॉलर लाकडापेक्षा उंच राहते. मग स्क्रू कॉलरवर आवळला जातो, हाताला घट्ट लागतो, आणि लाकूड आत सैलच राहतं. प्रत्येक गोळीला रायफलीचं अंग लाकडात थोडं मागे सरकतं आणि दर वेळी वेगळ्या जागी बसतं. मागचा धक्का झेलणाऱ्या लाकडाच्या दोन्ही खाचाही तेलाने काळ्या आणि मऊ झाल्या होत्या.

तेल कुठून आलं? रायफल कपाटात नळी वर करून उभी होती. वरचं तेल वर्षानुवर्षं खाली लाकडात उतरत गेलं. लक्षात ठेवा, बराच काळ ठेवायची असेल तर तेल पुसून अगदी पातळ राहू द्या, आणि नळी खाली करून किंवा आडवी ठेवा.

कारागिराने मऊ लाकूड कापून अक्रोडाचे तुकडे चिकटवले, खाचा घासून बरोबर बसवल्या, कॉलर किंचित कमी केली. नळीला हात लावला नाही, साइटला नाही. एका वेळी एकच बदल. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने बरं झालं ते कधीच कळत नाही. वहीत तारीख, लॉट, अंतर, बदल आणि ग्रुप लिहीत जा.

पुन्हा रेंज. तीच काडतुसं, तेच ५० मीटर, त्याच पिशव्या. पाच गोळ्या पेल्याच्या तोंडाएवढ्या जागेत. उघड्या साइटच्या जुन्या रायफलीकडून याहून जास्त मागू नये.

आमच्या जबलपूरच्या गन कॅरेज फॅक्टरीतली धनुष तोफ तुम्हाला ठाऊक असेल. २०१७ च्या चाचण्यांत गोळा तोंडाच्या ब्रेकला लागला, तेव्हा चाचण्या थांबवून शोध घेतला गेला. एप्रिल २०१९ मध्ये पहिल्या तोफा सैन्याच्या हाती आल्या. तेव्हा मी ती बातमी वाचून म्हणालो होतो, असंच करायला हवं, आधी शोध, मग निकाल. आणि तोच मी एका म्हाताऱ्या माणसाला रायफल हातातही न घेता सांगून बसलो होतो की दोष तुमच्यात आहे.

मुलाने कागद घडी करून खिशात ठेवला. म्हणाला, "काका, म्हणजे बाबांचा हात..."

मी म्हटलं, "हात ठीक होता. चूक माझी होती."

हे दादांना सांगायला हवं होतं. ते आता होणार नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय.

मुलाने रायफल विकली नाही. विकायची झालीच तर परवानाधारकालाच, कायद्याने ठरलेल्या रीतीने, आणि वहीची प्रत सोबत देऊन. तुमच्याकडे अशी जुनी रायफल असेल किंवा घ्यायची असेल, तर हाच क्रम धरा: सुरक्षा, काडतूस, साइट आणि स्क्रू, सफाई, नळीचं तोंड, पिशव्यांवरचा ग्रुप, मग लाकूड. माणसावर ठपका ठेवायचा झालाच, तर तो सगळ्यात शेवटी, आणि तोही तपासून.

बाजार उघडायला लागलाय, थांबतो. नमस्कार.