किल्ली कोणाच्या हाती?

(लघुउद्योजक महिलांच्या मेळाव्यातील भाषण)



मसाले, पापड, शिवणकाम अशा आपल्या उद्योगांच्या वेबसाइट आता अनेकजणी चालवतात. त्यांना मी आधी एकच प्रश्न विचारते : वेबसाइटचं नाव कोणाच्या नावावर नोंदवलंय? बहुतेकदा उत्तर येतं, "भाच्यानं करून दिलं, पासवर्ड त्याच्याकडेच असतो." म्हणजे राबायचं आपण आणि सातबारा दुसऱ्याचा!

"आपल्या एवढ्याशा धंद्याकडे कोण बघतंय?" असंही म्हटलं जातं. पण हे चोर यंत्राकरवी हजारो दारं एकदम ढकलून पाहतात. जे उघडं सापडेल त्यात शिरतात. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय'नं जगभरचे संगणक असेच कुलूपबंद केले आणि ते उघडायला ३०० डॉलर बिटकॉइनमध्ये मागितले. ती फट बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच दिली होती. अनेकांनी ती बसवलीच नव्हती.

तेव्हा नोंदणी, ईमेल आणि ओटीपी येणारा मोबाइल स्वतःच्या नावावर घ्या. प्रत्येक ठिकाणी पासवर्ड वेगळा ठेवा, दुहेरी पडताळणी सुरू करा. अपडेट लांबणीवर टाकू नका. हिशेब आणि ग्राहकांच्या याद्यांची एक प्रत पेनड्राइव्हवर काढून कपाटात ठेवा. आणि पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, हे विसरू नका.

एवढं करूनही फसवणूक झाली, तर 'घरचे काय म्हणतील' म्हणून गप्प बसू नका. ताबडतोब १९३० ला फोन करा. जितकी लवकर तक्रार, तितकी पैसे वाटेतच अडवले जाण्याची शक्यता जास्त. लाज चोराला वाटू दे!