‘रंगेल’ कोणाला म्हणावें?

बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत पहिली आगगाडी १८५३ सालीं धांवली. कल्याणचें सार्वजनिक वाचनालय १८६४ चें आणि ठाण्याचें मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चें. वाचनालयांतून कादंबरी आणावी आणि मुंबईच्या गाडींत ती वाचीत जावें, हा या भागांतील सुशिक्षितांचा जुना परिपाठ आहे.

अशा एखाद्या वाचकाच्या हातीं इंग्रजी कादंबरी आहे अशी कल्पना करा. नायकाची टोपी किंचित् कललेली, देणीं थकलेलीं, बोलणें मात्र मोठें गोड. लेखक त्याला ‘रेकिश’ म्हणतो आणि पुढें जातो. वाचक डोंबिवलीपासून दादरपर्यंत त्याच शब्दापाशीं अडून बसतो. ‘बदफैली’ म्हटलें तर टोपीचा डौल जातो. ‘ऐटबाज’ म्हटलें तर थकलेलीं देणीं झांकून जातात. मोल्सवर्थ व कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ सालीं निघाला. पण कोश झाला तरी तो अर्थ सांगणार. शब्द उच्चारतांना बोलणाऱ्याच्या मुखावर हसूं होतें कीं कपाळाला आंठी होती, हें कोशांत छापतां येत नाहीं.

या शब्दांचीं कुळें पाहिलीं तर मौज वाटते. ‘रेकिश’च्या मुळाशीं ‘रेकहेल’ हा शब्द आहे. त्यांत दंताळें आणि नरक यांची सांगड आहे. नरक उकरून काढावा तेव्हांच सांपडेल, असा तो अधम. ‘रॅफिश’च्या मुळाशीं समाजाचा गाळ, हलकीसलकी माणसें असा अर्थ आहे. ‘लूश’ हा फ्रेंचांकडून आलेला. त्याचें लॅटिन मूळ ‘एकाक्ष’, पुढें तो ‘तिरळा’ झाला आणि शेवटीं ‘संशयास्पद’. म्हणजे तिन्ही शब्द जन्मतः निंदेचे. दिवाणखान्यांत वावरतां वावरतां त्यांच्या अंगाला अत्तर लागलें, इतकेंच.

मराठी याबाबतींत दरिद्री नाहीं. ‘खुशालचेंडू’ म्हणजे निव्वळ बेफिकीर. त्यांत रागापेक्षां कौतुकच अधिक. ‘गुलहौशी’ म्हटलें कीं मैफल आली, विडा आला. ‘रंगेल’ शब्दांत पाप आहे, पण तें हंसत हंसत सांगितलेलें. ‘बाहेरख्याली’ हा फार सभ्य शब्द; माणूस घर सोडून कोठें जातो हें तो सांगत नाहीं, ख्याल बाहेर आहे एवढेंच म्हणतो. ‘छचोर’ शब्दापाशीं हसूं मावळतें आणि ‘बदफैली’पाशीं दार बंद होतें. ‘रेकिश’चें स्थान ‘रंगेल’ आणि ‘बाहेरख्याली’ यांच्या दरम्यान कोठेंतरी आहे.

पण खरी अडचण भाषांतराची नाहीं. हे शब्द माफी देतात. ती कोणाला मिळते आणि तिची किंमत कोण भरतो, हा खरा प्रश्न आहे. हॉगार्थ या इंग्रज चित्रकारानें अशाच एका ‘रेक’ची कथा आठ चित्रांत रंगविली, तिचे छाप १७३५ सालीं प्रसिद्ध झाले. बापाची दौलत मिळालेला तरुण ती उधळतो, तुरुंगांत जातो आणि अखेर वेड्यांच्या इस्पितळांत पोंचतो. त्यानें फसविलेली सारा यंग ही गरीब मुलगी कर्जापायीं त्याला अटक होत असतां आपली थैली पुढें करते आणि शेवटच्या चित्रांतहि त्याच्यापाशीं रडत बसलेली दिसते. चित्रमालेचें नांव त्याच्यावरून पडलें. तिच्यासाठीं विशेषण शोधण्याची कोणाला गरज भासली नाहीं.

आपल्याकडेहि हेंच दिसतें. सोलापूरचा राम जोशी संस्कृतांत व्युत्पन्न. पण तमाशाच्या फडांत रमला आणि उत्तर पेशवाईचा नामांकित शाहीर झाला. त्याच्या रंगेलपणाच्या गोष्टी महाराष्ट्रानें लोभानें सांगितल्या. १९४७ सालीं त्याच्यावर ‘लोकशाहीर राम जोशी’ हा बोलपट निघाला आणि तो गाजला. त्या बोलपटाची नायिका हंसा वाडकर. त्यांनीं आपलें जीवन ‘सांगत्ये ऐका’ या आत्मकथनांत उघड सांगितलें. तें १९७० सालीं ग्रंथरूपानें आलें. चुका लपविल्या नाहींत, दुःखहि लपविलें नाहीं. पण अशा जीवनाला लावावयाचें एकहि लडिवाळ विशेषण आपल्या भाषेनें स्त्रीसाठीं घडविलेलें नाहीं. पुरुष ‘रंगेल’, तर स्त्री ‘चवचाल’ किंवा ‘उठवळ’. या दोन शब्दांत हंसण्याला जागाच ठेविलेली नाहीं.

यावर ‘रंगेल’ शब्द कोशांतून काढून टाकावा असें कोणी म्हणणार नाहीं. तो गेला तर लावणी मुकी होईल. स्त्रीसाठींहि तसाच शब्द घडवावा, म्हणजे फिटंफाट झाली, असेंहि नव्हे. फक्त हा शब्द मैफलींत बसून उच्चारला जातो, हें ध्यानीं असावें. ज्याला आपण रंगेल म्हणतों त्याच्या घरीं रात्रीं शेवटच्या गाडीची वाट पाहात कोणी जागें असतें. पान वाढून झांकून ठेवलेलें असतें. वाण्याची उधारी कशी चुकवावी याचा हिशेब मनांत चाललेला असतो. त्या घरांत त्याच माणसासाठीं कोणता शब्द चालतो, हें एकदां ऐकावें. बहुधा तेथें विशेषण नसतेंच. “अजून आले नाहींत,” एवढेंच कोणीतरी म्हणतें, आणि दिवा थोडा बारीक करतें.