जंगलात पायी, पण कामासाठी
(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



कार्यकारिणीने मला ‘प्रवासातील भटकंती’ हा विषय दिला आहे. नोकरीनिमित्त बंगळूरला आलेल्या आपल्यापैकी बऱ्याच जणांचे एक दुखणे आहे, ते म्हणजे सह्याद्री मागे राहिला. शनिवारी रात्री एस.टी. पकडून राजगड गाठणारे पाय आता उटीच्या सहलीत गाडीत दुमडून बसतात. वाटेत बंडीपूर लागते, चार चितळे दिसतात, मुले ‘वाघ कुठाय?’ म्हणून विचारतात. २००९ पासून तो रस्ता रात्री नऊ ते सकाळी सहा वाहनांना बंद असल्यामुळे आपण घड्याळाकडे पाहत पुढे निघतो. उतरून आत चालायला परवानगी नाही, आणि नाही तेच बरे. गडावर गेल्यावर घसा फोडून घोषणा देणारे आपण. राष्ट्रीय उद्यानात ते कसे चालावे?

तरीही आत चालण्याची एक सरळ वाट आहे. कामाला जायचे. दर चार वर्षांनी देशभर व्याघ्रगणना होते आणि तिच्यासाठी कर्नाटकाच्या वनखात्याने स्वयंसेवक घेतलेले आहेत. २०१८ च्या गणनेत मी आठवडाभर बंडीपूरमध्ये होतो.

आता, गणना म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे बुद्धपौर्णिमेची रात्र, मचाण आणि पाणवठा येतो. तो अनुभव सुंदरच, पण त्यावरून वाघांचा आकडा काढत नाहीत. पूर्वी ठशांवरून काढत असत. २००५ मध्ये सरिस्कात एकही वाघ उरला नसल्याचे उघड झाले, आणि कागदावर मात्र तेथे वाघ होते! त्यानंतर पद्धत बदलली. २००६ च्या गणनेने देशात अंदाजे १,४११ वाघ सांगितले. २०२२ मध्ये हा आकडा ३,६८२ वर गेला. यातले कॅमेरे सर्वांना ठाऊक असतात. पण त्या जोडीला बीटनिहाय माणसेही चालतात, आणि २०२२ च्या गणनेत ही पायपीट ६ लाख ४१ हजार किलोमीटरांहून अधिक झाली.

आमच्या वाट्याला काय आले ते सांगतो. पहिले तीन दिवस रोज पाच किलोमीटर चालून वाघ-बिबट्याच्या खुणा शोधायच्या. विष्ठा, ठसे, झाडावरचे ओरखडे. पुढचे तीन दिवस उजाडताच दोन किलोमीटरची सरळ रेषा. चितळ, सांबर, गवा दिसला की किती, किती अंतरावर, कोणत्या दिशेला, हे लिहायचे. शिवाय दर ४०० मीटरवर थांबून झाडे-झुडपे नोंदवायची आणि जमिनीवर वाकून लेंड्या मोजायच्या. होय, लेंड्या! त्यांवरून चरणाऱ्या जनावरांचा अंदाज येतो, आणि वाघ शेवटी जगतो त्यांच्यावरच. घाणेरी किती माजली आहे तेही लिहायचे, कारण ती वाढते तिथे गवत मरते.

वाघ दिसला का? नाही. एका दिवशी तर खूणसुद्धा मिळाली नाही. आमच्यातला एक तरुण सहकारी म्हणाला, काल पलीकडच्या वाटेवर ठसा पाहिलाच होता, तोच इथे टाकू या, रकाना रिकामा कशाला? बरोबरचे वॉचर जेनू कुरुबा समाजाचे होते, लहानपणापासून त्याच जंगलात वाढलेले. ते एवढेच म्हणाले, “इल्ला अंद्रे इल्ला.” नाही म्हणजे नाही. रकान्यात शून्य लिहिले गेले. सरिस्काची फाईल मी पाहिलेली नाही. पण भरलेले रकाने काय करू शकतात, हे मला त्या दिवशी कळले.

दुसऱ्या सकाळी तेच वॉचर मध्येच थांबले. आम्हाला ना आवाज आला, ना वास. त्यांना हत्ती कळला होता. आम्ही गुपचूप मागे फिरलो, त्या दिवशीची रेषा राहिली. कोणी कुरकुर केली नाही. तिथे आपला हुद्दा, आपली पदवी सगळे फाटकाबाहेर. वॉचर सांगेल ते ऐकायचे.

या माणसांचा उन्हाळा कसा जातो, याची आपल्याला कल्पना नसते. २०१७ च्या फेब्रुवारीत बंडीपूरच्या वणव्यात एका वनरक्षकाचा जीव गेला. २०१९ च्या फेब्रुवारीत चार हजार हेक्टरांहून अधिक जंगल जळाले, तेव्हा बंगळूर-म्हैसूरहून माणसे मदतीला धावली. पण अशा वेळी न विचारता आत शिरू नये. आगीत वाट चुकलेला स्वयंसेवक हे त्यांच्यावरचे आणखी एक ओझे असते.

ज्यांना गणनेला जायची इच्छा असेल त्यांनी वनखात्याच्या जाहिरातीवर लक्ष ठेवावे. मातकट रंगाचे कपडे न्यावेत, अत्तर घरी ठेवावे, आणि आधी महिनाभर रोज पाच किलोमीटर चालण्याचा सराव करावा. छावणीत अन्न-सारू मिळते, चहा फार गोड असतो. आणि चार वाक्ये कन्नड शिकून जा. वॉचर ‘निल्ली’ म्हणाले, की थांबायचे असते.