मशीनचा रिलीफ व्हॉल्व्ह कशासाठी असतो?



आपल्या पंचक्रोशीतल्या काही बचत गटांनी कर्ज काढून द्रोण-पत्रावळीचं हायड्रॉलिक मशीन घेतलं आहे. लग्नसराईत ते दिवसभर चालतं. आणि नेमकी याच दिवसांत बैठकीत एक तक्रार येते, "ताई, मशीन नीट दाबत नाही. पत्रावळीची कड उठत नाही. तो मागचा स्क्रू जरा आवळला तर चालेल का?"

तो मागचा स्क्रू म्हणजे रिलीफ व्हॉल्व्हचा स्क्रू. उत्तर आधीच सांगून टाकते: आपण तो आवळायचा नाही. पण नुसतं "हात लावू नका" म्हटलं तर दोन दिवसांनी विसरायला होतं. म्हणून आज त्याचं काम समजून घेऊ.

आधी मशीन कसं चालतं ते पाहू. खाली तेलाची टाकी असते. मोटार पंप फिरवते, पंप तेल ढकलतो, तेल नळीतून सिलिंडरमध्ये जातं आणि दट्ट्याला पुढे रेटतं. दट्ट्या साचा दाबतो. आता एक गोष्ट लक्षात ठेवा. पंप स्वतः दाब तयार करत नाही, तो फक्त तेल ढकलतो. तेलाला पुढे अडथळा आला की दाब वाढतो. दट्ट्या मोकळा सरकत असताना दाबाच्या घड्याळाचा काटा खाली असतो, आणि साचा कागदाला टेकला की झपकन वर जातो, तो यामुळेच.

हा दाब मोठं काम करतो. समजा, सिलिंडर आतून ८ सेंटीमीटर रुंद आहे. म्हणजे दट्ट्याचं तोंड साधारण ५० चौरस सेंटीमीटरचं झालं. घड्याळात १०० किलो दाब दिसतो, याचा अर्थ प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर १०० किलो. ५० गुणिले १००, म्हणजे ५००० किलो. पाच टन! बोटाएवढ्या नळीतून आलेल्या तेलाची ही ताकद आहे.

आता साचा पूर्ण दाबला गेला, दट्ट्या पुढे सरकू शकत नाही, पण मोटार चालूच आहे. तेल जाणार कुठे? विहिरीवरच्या मोटारीचा व्हॉल्व्ह बंद केला, तर पाणी पंपातच घुसळत राहतं, लगेच काही फुटत नाही. हायड्रॉलिक पंपाचं तसं नाही. तो प्रत्येक फेऱ्याला ठरलेलं तेल पुढे ढकलतोच. आणि तेल काही हवेसारखं दाबून लहान होत नाही. मग क्षणात दाब इतका चढतो की जे सगळ्यांत कच्चं असेल ते जातं. नळी फुटते, सील फाटतं, पंप तुटतो, नाहीतर मोटार अडकून जळते.

हे होऊ नये म्हणून रिलीफ व्हॉल्व्ह. त्याच्या आत तेलाच्या वाटेवर एक भोक असतं. त्या भोकावर शंकूसारखी खुंटी किंवा गोळी बसवलेली असते आणि तिला मागून एक स्प्रिंग दाबून धरते. तेलाचा जोर स्प्रिंगपेक्षा कमी असेल तोवर भोक बंद. जोर वाढला की खुंटी मागे सरते, जादा तेल परत टाकीत जातं. दाब उतरला की स्प्रिंग भोक पुन्हा बंद करते. मागचा स्क्रू आवळला की स्प्रिंग जास्त दाबली जाते, म्हणजे तेलाची वाट उशिरा उघडते. बस, एवढंच त्याचं काम.

आपल्या कुकरची शिट्टी हेच करते. ठरलेल्या दाबाला उचलली जाते, वाफ सोडते, पुन्हा बसते. शिट्टी वाजते म्हणून तिच्यावर वरवंटा ठेवतो का आपण? स्क्रू आवळणं म्हणजे वरवंटा ठेवणंच. आणि कुकरमधला दाब चौरस सेंटीमीटरला एक किलोच्या आसपास असतो. इथे तो शंभरपट आहे.

मग मशीन कमी दाबतं तेव्हा करायचं काय? पहिल्यांदा घड्याळ बघायचं. काटा नेहमीच्या आकड्यावर येतोय आणि तरी कड उठत नाही, तर दोष दाबाचा नाहीच. साचा पुरेसा तापलेला नसेल, कागद दमट असेल, साचा तिरका बसला असेल. स्क्रू आवळून कागद वाळणार आहे का?

काटाच खाली राहत असेल, तर टाकीतलं तेल बघा. पातळी कमी आहे का, फेस आला आहे का, गाळणी तुंबली आहे का? तेवढं ठीक असेल तर मेकॅनिकला बोलवा. रिलीफ व्हॉल्व्हच्या बैठकीत कचरा अडकून तेल मागे गळत असेल, सिलिंडरचं सील झिजलं असेल किंवा पंप जुना झाला असेल.

इथेच खरा धोका आहे. सील झिजलेलं असताना कोणी स्क्रू आवळला, तर दाब काही वाढत नाही, कारण तेल आतल्या आत गळतंय. म्हणून आणखी आवळतात. मग महिन्याभराने नवं सील बसतं, मशीन चालू होतं आणि त्या क्षणी दाब आवळलेल्या स्क्रूप्रमाणे चढतो. नळी फुटते ती त्या दिवशी, आणि दुरुस्ती करणाऱ्यावर आळ येतो. म्हणून पंप किंवा सिलिंडर दुरुस्त केला की मेकॅनिकने स्क्रू आधी सैल करून, घड्याळ बघत बघत, मशीनच्या पुस्तिकेतल्या आकड्यावर आणायचा आणि वरचा लॉकनट घट्ट करायचा. मग स्क्रू आणि नटवर रंगाची एक सरळ रेघ ओढून ठेवा. रेघ तुटलेली दिसली की कोणी तरी फिरवलं आहे हे लगेच कळेल. तारीख आणि आकडा गटाच्या रजिस्टरमध्ये लिहा.

आणखी एक सवय मोडा. पत्रावळी दाबून झाल्यावरही हँडल धरून ठेवू नका. तेवढा वेळ सगळं तेल रिलीफ व्हॉल्व्हमधून टाकीत पडत असतं आणि त्याची सगळी ताकद उष्णता होते. १०० किलो दाबावर मिनिटाला १० लिटर तेल असं गेलं, तर बादलीत पाणी तापवायच्या दीड हजार वॅटच्या कांडीइतकी उष्णता तेलात जाते. टाकीच्या पत्र्यावर चार-पाच सेकंदही हात ठेवववत नसेल, तर तेल ६० अंशांच्या आसपास तापलंय. काम थांबवा, तेल निवू द्या. फार तापलेलं तेल पातळ होतं, लवकर खराब होतं आणि सीलही कडक होतात.

आता शेवटची आणि सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट. नळीला सुईच्या टोकाएवढं भोक पडलं, तर त्यातून तेलाची बारीक धार येते, कधी ती दिसतही नाही. ती हाताने चाचपायची नाही. ती धार कातडीत इंजेक्शनसारखी शिरते. वरून टाचणी टोचल्यासारखी खूण दिसते, सुरुवातीला फार दुखतही नाही, पण आत तेल पसरतं आणि बोट किंवा हात गमावण्याची वेळ येऊ शकते. असं झालं तर हळद लावून घरी बसू नका. तडक मोठ्या दवाखान्यात जा आणि "दाबाचं तेल कातडीत गेलं आहे" असं स्पष्ट सांगा. गळती शोधायची तर पुठ्ठ्याचा तुकडा लांबून धरून शोधा. तेलाचा फवारा तापलेल्या साच्यावर उडाला तर पेटूही शकतो. म्हणून नळी ओलसर दिसली की मशीन बंद करा. कुठलाही नट सैल करायच्या आधी वीज बंद, हँडल मोकळं, घड्याळाचा काटा शून्यावर. हा क्रम चुकवायचा नाही.

पुढच्या मासिक बैठकीत मशीनजवळ उभ्या राहा. घड्याळ कुठे, रिलीफ व्हॉल्व्ह कुठला, तेलाची खूण कुठे, हे प्रत्येकीने बोट दाखवून सांगायचं. नव्याने मशीनवर बसणाऱ्या सुनांना आणि लेकींना तर आवर्जून दाखवा. कर्जाचा हप्ता मशीनवर फिटतो, पण मशीन चालतं ते आपल्या हातांवर. ते हात आधी जपू या.