घाटातला पाऊस

सायकलवरून लांबचा प्रवास करणाऱ्याला पाऊस शत्रूसारखा वाटतो. माझा तो समज आंबोलीच्या घाटाने पालटला.

बेळगावहून सावंतवाडीस आम्ही दोघे मित्र निघालो होतो. आंबोलीस, सुमारे ६९० मीटर उंचीवर, पावसाने गाठले. ढग रस्त्यावरच उतरले. दहा हातांपलीकडचे काही दिसेना. उताराला लागून ब्रेक दाबला, तर सायकल थांबेना! पोलादी रिम भिजली की ब्रेकचे रबर तिच्यावरून नुसते घसरते. आधी पाणी पुसले जावे, मग पकड यावी. आणि तेवढ्यात वळण येऊन ठेपते. डोंगराच्या अंगाला सायकल घालून मी कसाबसा थांबलो. दुसऱ्या अंगाला दरी होती.

मित्र म्हणाला, "अरे, उतर आता. चालत जाऊ."

मला ते कमीपणाचे वाटले. या उताराच्या आशेवर तर दिवसभर पॅडल मारले होते! तरीही उतरलो. आणि जो घाट अर्ध्या तासात मागे टाकायचा होता, तो पावलापावलाने दिसू लागला. माथ्यावरचे पाणी हिरण्यकेशीतून पूर्वेला घटप्रभेकडे जाते. आमच्या पायांखालचे मात्र पश्चिमेच्या समुद्राकडे धावत होते. एकाच ढगाची ती दोन लेकरे!

दाणोलीस पोहोचेतो अंधार पडला. चहा घेतला, साखळीला तेल घातले. मित्राने घाटातल्या प्रसंगाचा उल्लेखही केला नाही; त्याचे ते मौन मला फार मोलाचे वाटले.

जो वेग आपल्याला थांबवता येत नाही तो आपला नव्हे, एवढे त्या दिवशी उमगले.