सर जेम्स आउट्रम : शौर्य आणि सेवाधर्म



कोलकात्यातील आउट्रम घाट ज्या सेनाधिकाऱ्याच्या नावाने ओळखला जातो, त्याची उमेदीची वर्षे आपल्या खानदेशात गेली. जेम्स आउट्रम (१८०३–१८६३) १८१९ मध्ये मुंबईच्या फौजेत आला. १८२५ मध्ये ज्या भिल्लांना बंडखोर म्हणून दडपले जात होते, त्यांच्यातच शिकारीच्या संगतीने विश्वास निर्माण करून त्याने भिल्ल पलटण उभारली. १८४३ मध्ये सिंध खालसा झाला, तेव्हा हा अन्याय आहे असे त्याने स्पष्ट सांगितले आणि लुटीतील आपला वाटा धर्मादायास दिला. १८५७ मध्ये लखनौवरील स्वारीत हुद्द्याने वरिष्ठ असूनही सेनापतिपद त्याने हॅवलॉककडेच राहू दिले आणि स्वतः स्वयंसेवक म्हणून लढला. १८५८ मध्ये बॅरोनेट हा किताब मिळाला.

परंतु १८५६ मध्ये अवधचे राज्य खालसा करण्याचा हुकूम अमलात आणणाराही तोच होता! वैयक्तिक सचोटी कितीही थोर असो, तिने अन्यायी सत्ता न्यायी ठरत नाही. आम्हां सरकारी सेवकांना यातून एवढाच बोध घ्यावयाचा : हुकूम कोणाच्या हिताचा, हे विचारणे हाही सेवाधर्मच होय.