झाडांची भाषा
(वार्षिक पारितोषिक वितरण समारंभातील भाषण)



आज चित्रकलेचे बक्षीस घ्यायला फार थोडी मुले पुढे आली. कारण आपण जाणतोच. कुणी म्हणतो, चित्रांनी पोट भरत नाही. कुणी म्हणतो, आपल्यात चित्र काढणे बसत नाही. प्राणिमात्रांच्या चित्रांविषयी निवाडा देण्याचा मला अधिकार नाही. परंतु हजरत इब्ने अब्बास यांनी एका चित्रकाराला, काढायचीच तर झाडांची व निर्जीव वस्तूंची चित्रे काढ, असा सल्ला दिल्याचे सहीह बुखारीत नमूद आहे. मी त्या झाडांविषयीच बोलणार आहे.

दमास्कसची उमय्यद मशीद खलीफा वलीद यांच्या कारकीर्दीत, इ. स. 715 च्या सुमारास पूर्ण झाली. तिच्या भिंतींवर काचेच्या रंगीत व सोनेरी तुकड्यांतून उंच झाडे, वाहती नदी आणि महाल साकारले आहेत. माणूस किंवा पशू एकही नाही. काही अभ्यासक म्हणतात, ही जन्नत. काही म्हणतात, या बरदा नदीकाठच्या बागा. वाळवंटाच्या कडेला राहणाऱ्यांना सावली आणि पाणी हीच रहमत. तिथे झाड म्हणजे दिलासा.

आता जर्मन चित्रकार कास्पर डाविड फ्रीडरिश यांचे 1814 सालचे चित्र पाहा. बर्फातले उंच, काळोखे जंगल. त्यापुढे पाठमोरा, एकटा फ्रेंच सैनिक. अलीकडे तोडलेल्या झाडाच्या खुंटावर डोमकावळा. नेपोलियनच्या फौजा जर्मनीतून हटल्या, तो हा काळ. चित्रात लढाई नाही. पण जंगल म्हणजे जर्मनांची मायभूमी आणि कावळा म्हणजे मृत्यूची चाहूल, हे पाहणाऱ्यांनी ओळखले.

एक झाड आसरा देते, दुसरे वाट अडवते. हा अर्थ वाचायला नजर लागते, आणि ती सरावाने येते. पानाच्या शिरा नीट पाहणारा मुलगा पुढे वनस्पतिशास्त्राची आकृती किंवा घराचा नकाशाही नीट काढील.

म्हणून पालकांना विनंती, मुलामुलींना एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसू द्या. आणि मुलांनो, उद्या दारचे झाड अर्धा तास नुसते पाहा; मग पेन्सिल उचला.